रजेचा अर्ज

आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जाचा छापील नमुना आहे. नाव, हुद्दा, रजेचा प्रकार, किती दिवस, कोणत्या तारखेपासून. आणि मग 'कारण'. त्या शब्दापुढे जेमतेम चार बोटं जागा. आस्थापना शाखेत बसून मला १९ वर्षं झाली. या चार बोटांत माणसं काय काय कोंबतात ते वाचण्यात निम्मी नोकरी गेली. 'घरगुती कारणास्तव' हे सगळ्यांचं लाडकं. त्याखालोखाल 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'. जत्रा, बारसं, म्हैस व्यायली, असली खरी कारणं टेबलाशी वाकून हळूच सांगायची असतात.

१९ डिसेंबर २०२२ ला, सोमवारी सकाळी, माझ्या टेबलावर सात अर्ज पडले होते. सातही पोटदुखीचे. आदल्या रात्री मेस्सीनं कप उचलला होता आणि आमचं गाव कोल्हापूर. इथे वर्ल्ड कप आला की निम्म्या गल्ल्या अर्जेंटिनाच्या होतात, निम्म्या ब्राझीलच्या. चौकात कटआउट उभे राहतात आणि जो देश कुणी पाहिलेला नाही त्याच्यापायी सख्ख्या भावांत अबोला धरला जातो. आमचे साहेब पुण्याचे. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काल कुणाकडे जेवणबिवण होतं का हो?" मी म्हटलं, "हो सर. बऱ्याच जणांकडे." सातही मंजूर झाले.

त्याच आठवड्यात मी १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपबद्दल वाचत होते. हा नाद मामाचा. मामा पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळायचा. आता त्याची नजर अधू झालीय, म्हणून मी वाचते आणि तो ऐकतो. वाचता वाचता मला जाणवायला लागलं, की ही सगळी माझ्या टेबलावरचीच प्रकरणं आहेत. कुणाला रजा मिळाली, कुणाला नाही, कोण न विचारताच गेला, कोण परत यायचा तेव्हा आला नाही. गोल किती झाले ते सगळीकडे छापलेलं असतं. पण उरुग्वेच्या त्या स्पर्धेत कोण खेळलं आणि कोण खेळलं नाही, हे बऱ्याच अंशी कुठल्या तरी कारखान्यातल्या टेबलावर ठरलं होतं.

मे १९२९ मध्ये बार्सिलोनाला फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, बैठक भरली आणि पहिली स्पर्धा उरुग्वेला द्यायचं ठरलं. इटली, स्पेन, हॉलंड, स्वीडन, हंगेरी, सगळ्यांनाच ती आपल्याकडे हवी होती. पण उरुग्वेची बाजू भक्कम होती. १९२४ आणि १९२८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिकं त्यांनी जिंकलेली. १९३० म्हणजे त्यांच्या पहिल्या राज्यघटनेचं शंभरावं वर्ष. नवं स्टेडियम बांधतो म्हणाले, आणि वर पाहुण्यांचं जाणंयेणं, राहणं, जेवण, सगळं आमच्याकडे. वीस लाखसुद्धा वस्ती नसलेला देश हे बोलत होता. वऱ्हाडाच्या गाड्यांपासून जानवशापर्यंत सगळं मुलीच्या बापानं अंगावर घ्यावं, तसं. तरी वऱ्हाड हलेना. स्पर्धेला दोन महिने उरले तरी युरोपातून एकाचाही होकार नव्हता. ज्या पाच देशांना स्पर्धा आपल्याकडे हवी होती, त्यांतला तर शेवटपर्यंत एकही आला नाही. घरगुती कारणास्तव.

खरं कारण असं, की बोटीनं जायला दोन आठवडे, यायला दोन आठवडे, मध्ये स्पर्धा. म्हणजे दोन महिने. एवढे दिवस खेळाडू सोडायला क्लब तयार नव्हते. आणि बहुतेक खेळाडू कागदोपत्री तरी 'हौशी' होते, म्हणजे पोटापाण्याला दुसरं काहीतरी करत होते. दोन महिने गेलं तर त्या 'दुसऱ्या काहीतरी'चं काय? हा प्रश्न तेव्हा इतका चिघळला होता, की १९२८ साली इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड या चारही संघटना फिफातून बाहेर पडल्या होत्या. भांडण कशावरून? हौशी खेळाडूचा खेळापायी बुडालेला पगार भरून द्यायचा की नाही, यावरून. ब्रिटिशांचं म्हणणं, हौशी तो हौशी. पैसे दिले की तो हौशी कसला? बिनपगारी रजेच्या प्रश्नावरून फुटबॉलची मायभूमीच पहिल्या वर्ल्ड कपला नव्हती, हे वाचलं तेव्हा मी माझ्या कपाटातल्या फायलींकडे जरा आदरानं पाहिलं.

रुमानियाची गोष्ट तर थेट आमच्या खात्यातली. ८ जून १९३० ला कारोल दुसरा गादीवर बसला. त्याला फुटबॉलचं वेड. गादीवर येऊन पंधरवडाही झाला नव्हता आणि संघ जिनोव्हाच्या बंदरातून निघायचा होता. शिक्षा होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूंना त्यानं माफी दिली. संघसुद्धा त्यानंच निवडला असं म्हणतात. राजा म्हटला की अशा गोष्टी त्याच्या नावावर लागतातच. काही खेळाडू एका तेल कंपनीत कामाला होते. कंपनी म्हणाली, एवढी मोठी रजा देता येणार नाही, जायचं तर नोकरी सोडून जा. मग राजानं स्वतः कंपनीकडे शब्द टाकला, जरा जड आवाजात, असं सांगतात, आणि रजा मिळाली. शिफारशीच्या चिठ्ठ्या मी पुष्कळ पाहिल्यात, जिल्हा परिषद सदस्याच्या, आमदाराच्या, एकदा एका महाराजांच्या. राजाची अजून आलेली नाही.

बेल्जियमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड रेमंड ब्रेन मात्र घरीच राहिला. त्यानं कॅफे काढला होता. हौशी खेळाडूनं नावाच्या जोरावर धंदा करायचा नाही, असा तिकडचा नियम, म्हणून त्याच्यावर बंदी. चहाची टपरी टाकली म्हणून वर्ल्ड कप हुकला, असं मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "चाललीती का टपरी?" त्याचं लक्ष नेहमी मुद्द्यावर.

इजिप्तचं तर अक्षरशः बोट चुकली. भूमध्य समुद्रात वादळ झालं, त्यांचं जहाज वेळेवर पोचलं नाही आणि पुढची बोट थांबली नाही. ते आले असते तर १३ च्या जागी १४ संघ झाले असते आणि आफ्रिकेचा एक तरी.

फ्रान्स, बेल्जियम आणि रुमानिया एकाच जहाजानं गेले. 'काँते वेर्दे', म्हणजे हिरवा काउंट. रुमानियाचे लोक जिनोव्हाला चढले, फ्रेंच विलफ्रांशला, बेल्जियन बार्सिलोनाला. जहाजावर फिफाचे अध्यक्ष जूल रिमे, त्यांच्या सामानात सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा कप, शिवाय पंच. वाटेत रिओला ब्राझीलचा संघही याच बोटीत आला. एकमेकांशी खेळायला निघालेले चार संघ, कप आणि शिट्टी वाजवणारी माणसं, सगळी एका छपराखाली. खेळाडू डेकवर पळायचे, जिने चढउतर करायचे, बाकी बॉल समुद्रात जाईल म्हणून जपून. ४ जुलैला सगळे मोंटेव्हिडिओला उतरले. युगोस्लाव्हियाचे लोक 'फ्लोरिडा' नावाच्या टपालबोटीनं मार्सेयहून वेगळे आले.

या 'काँते वेर्दे'पाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. दोन वर्षांनी हे जहाज पूर्वेच्या मार्गावर आलं: ट्रिएस्ट, सुएझ, मुंबई, शांघाय. एप्रिल १९३६ मध्ये सुभाषबाबू युरोपातून परतले ते याच जहाजानं. मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवताच इंग्रज सरकारनं त्यांना अटक केली. ज्या डेकवर सहा वर्षांपूर्वी फ्रेंच आणि रुमानियन पोरं जोर-बैठका काढत होती, तिथेच उभं राहून त्यांनी मुंबई जवळ येताना पाहिली असेल. यातून सिद्ध काहीच होत नाही. पण पहिल्या वर्ल्ड कपचा कप ज्या बोटीनं नेला ती आपल्या मुंबईला लागत होती, हे कळल्यापासून मोंटेव्हिडिओ मला पूर्वीइतकं लांब वाटत नाही.

युगोस्लाव्हिया आणि ब्राझील, दोघंही अर्ध्या संघानिशी आले होते. युगोस्लाव्हियात फुटबॉल संघटनेचं ऑफिस झाग्रेबला असावं की बेलग्रेडला, यावरून वाद झाला आणि क्रोएट खेळाडूंनी पाठ फिरवली. ब्राझीलमध्ये रिओ आणि साओ पावलो यांच्या संघटनांचं पटलं नाही, तर साओ पावलोचे खेळाडू आलेच नाहीत. आराकेन नावाचा एकटा काय तो आला. आणि नेमका या दोघांचाच सामना झाला. रुसलेल्यांनी घरी बसून निकाल ऐकला असेल: युगोस्लाव्हिया २, ब्राझील १. ऑफिस कुठे असावं यावरून एवढं? असं कुणी कोल्हापुरात विचारू नये. इथे मॅच कुठल्या वेळेला लावायची यावरून दोन तालमी हंगामभर बोलत नाहीत.

१३ जुलै १९३० ला रविवार होता. दक्षिण गोलार्धातला कडक हिवाळा. मोठं स्टेडियम अजून पुरं झालेलं नव्हतं. म्हणून पोसितोस नावाच्या वस्तीतल्या लहानशा मैदानावर फ्रान्स आणि मेक्सिको उतरले, आणि त्याच वेळी पार्के सेंत्रालवर अमेरिका आणि बेल्जियम. पोसितोसला बर्फ भुरभुरत होतं. १९ व्या मिनिटाला उजवीकडून क्रॉस आला आणि लुसियाँ लोराँ नावाच्या बुटक्या फ्रेंच पोरानं तो वरच्यावर गोलमध्ये मारला. वर्ल्ड कपचा पहिला गोल. लोराँ २२ वर्षांचा, सोशोला प्यूजोच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला, आणि कारखान्याच्याच क्लबकडून खेळणारा. गोल झाल्यावर एकमेकांचे हात हातात घेतले आणि परत आपापल्या जागी गेलो, मिठ्याबिठ्या मारल्या नाहीत, असं त्यानं पुढे सांगून ठेवलंय. इतिहास वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हता.

थोड्याच वेळात फ्रान्सचा गोलकीपर तेपो याच्या जबड्यावर लाथ बसली आणि त्याला बाहेर न्यावं लागलं. राखीव खेळाडू उतरवायची पद्धत नव्हती. मग हाफबॅक शाँत्रेल गोलमध्ये उभा राहिला आणि उरलेला तासभर दहा जण खेळले. तरी ४–१ नं जिंकले. हे ऐकून मामा म्हणाला, "म्हंजे बदली कामगार न्हाई." सूतगिरणीतला शब्द. एक माणूस पडला तर त्याचं यंत्र शेजारच्यानं बघायचं.

सूतगिरणीवरून आठवलं. अमेरिकेचा संघ त्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. आजही ती त्यांची सगळ्यात मोठी मजल. त्यांचे दोन मोहरे, बर्ट पातनो आणि बिली गोन्साल्विस, हे मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरचे. ते गाव सुती गिरण्यांचं. गिरण्यांत कामाला आलेल्या इंग्रज, स्कॉटिश, पोर्तुगीज माणसांनी फुटबॉल तिथे रुजवलेला. पातनोनं १७ जुलैला पॅराग्वेविरुद्ध तीन गोल केले, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. पण मधला गोल दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला गेला होता. ती नोंद दुरुस्त व्हायला २००६ साल उजाडलं. ७६ वर्षं! सेवापुस्तकातली जन्मतारीख दुरुस्त करून मागणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. धीर धरा म्हणते.

१५ जुलैला फ्रान्स आणि अर्जेंटिना. लुइस मोंतीच्या फ्री किकनं अर्जेंटिना १–० नं पुढे. फ्रान्सचा लांजिये बॉल घेऊन गोलकडे सुटला आणि पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली. ८४ वं मिनिट होतं. सहा मिनिटं शिल्लक. लोक मैदानात घुसले, गोंधळ उडाला, शेवटी ब्राझीलचे पंच रेगो यांनी चूक कबूल केली आणि आंघोळीला निघालेल्यांना परत बोलावून उरलेली मिनिटं खेळवली. तोवर लांजियेचा बॉल गेला तो गेलाच. सव्वापाचलाच ऑफिस बंद करून जाणारे मी पाहिलेत, पण परत येऊन उघडणारा एकही नाही; त्यामुळे रेगोंबद्दल मला आदर आहे.

त्यानंतर अर्जेंटिनाचा कप्तान मानुएल फेरेरा स्पर्धा सोडून परत गेला. परीक्षा होती. विद्यापीठाची. देशाचा कप्तान, वर्ल्ड कप चाललाय, आणि हा पेपर द्यायला गेला. मला हा माणूस फार आवडला. तेव्हा नोकरी, परीक्षा, घर ही खरी कामं, आणि फुटबॉल त्यांच्यामधून काढलेल्या सवडीचा. त्याच्या गैरहजेरीत मेक्सिकोविरुद्ध गियेर्मो स्ताबिले हा नवा पोरगा खेळवला गेला. देशाकडून त्याचा हा पहिलाच सामना. त्यानं तीन गोल मारले. फेरेरा परीक्षा देऊन आला, पण स्ताबिलेला आता कोण काढणार? चार सामन्यांत आठ गोल करून तो स्पर्धेत सगळ्यांच्या वर राहिला. नंतर इटलीत जिनोव्हाकडे खेळायला गेला आणि अर्जेंटिनाकडून परत कधीच खेळला नाही. चार सामने, आठ गोल, कारकीर्द संपली. एका रजेच्या जागी आलेला माणूस.

उरुग्वेच्या गोटात उलट प्रकरण: विनापरवाना गैरहजेरी. त्यांचा गोलकीपर आंद्रेस मासाली, दोन्ही ऑलिंपिकं जिंकलेला. संघाला कित्येक आठवडे शिबिरात कोंडून ठेवलं होतं. एका रात्री हा गुपचूप शहरात गेला आणि उशिरा परतताना सापडला. बूट हातात घेऊन पावलं न वाजवता येत होता, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी संघाबाहेर. त्याच्या जागी बायेस्त्रेरो. खुलासा मागवला नाही, चौकशी नाही, थेट बडतर्फ. कप्तान होसे नासात्सी स्वतः संगमरवर कापायचं काम करत वर आलेला. अशा माणसाला शिस्तीबद्दल काय सांगणार?

मोठं स्टेडियम, सेंतेनारिओ, १८ जुलैला उघडलं, राज्यघटनेच्या बरोबर शंभराव्या वाढदिवशी. एका स्टँडला कोलोंब (पॅरिसजवळचं), एकाला आम्स्टरडॅम अशी नावं, ऑलिंपिकं जिंकली त्या ठिकाणांची. त्या दिवशी उरुग्वेनं पेरूला १–० नं हरवलं. नव्या स्टेडियमवरचा पहिला गोल हेक्तर कास्त्रोचा. हा कास्त्रो १३ वर्षांचा असताना विजेच्या करवतीत सापडला आणि त्याचा उजवा हात कोपराखाली गेला. १३ वर्षांचं पोर करवतीवर. लोक त्याला 'देवाचा थोटा' म्हणत, आणि त्यात प्रेमही होतं.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हेडिंगला उडी मारतोस न्हवं, तवा हात लागतात. तोल हातावर असतोय." तो खुर्चीतून उठला, सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि दोन्ही हात कोपरात वाकवून बाजूला पसरले. मान मागे घेतली. मग उजवा हात पाठीमागे नेला आणि तसाच परत पाय उचलून पाहिला. डावीकडे कलला. मी धरायला उठले तर म्हणाला, "बस, बस. बघतोय नुस्तं." परत एकदा करून पाहिलं. "डाव्या खांद्यानं वडायला लागंल," म्हणाला आणि बसला. मी पुढचं वाचायला घेतलं, कारण पुढे तेच होतं.

अंतिम सामना ३० जुलैला, बुधवारी. उरुग्वे आणि अर्जेंटिना, मध्ये फक्त ला प्लाता नदीचं रुंद मुख. ब्यूनस आयर्सहून बोटी भरभरून लोक निघाले. धुक्यामुळे कित्येक जण सामना संपल्यावर पोचले. आत सोडताना शस्त्रांसाठी झडती घेतली जात होती. पंच बेल्जियमचे लाँगेनुस. कोट, टाय आणि गुडघ्यापर्यंतची फुगीर विजार असा त्यांचा वेश. जिवाची हमी आणि सामना संपताच निघायला बोट तयार हवी, अशी अट घालून ते मैदानात आले म्हणतात. आल्यावर पहिला तंटा बॉलचा. दोघांनाही आपलाच बॉल हवा. शेवटी पहिला हाफ अर्जेंटिनाच्या बॉलनं आणि दुसरा उरुग्वेच्या. हाफटाइमला अर्जेंटिना २–१ नं पुढे. नंतर सेआ, इरिआर्ते, आणि ८९ व्या मिनिटाला क्रॉसवर उडी घेऊन डोक्यानं कास्त्रो. ४–२.

"डोक्यानं?" मामानं विचारलं.

"डोक्यानं."

मामानं फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उरुग्वे सरकारनं राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली. अख्ख्या देशाला एका सहीनं रजा. कुणाला पोट दुखवून घ्यावं लागलं नाही. पलीकडे ब्यूनस आयर्समध्ये उरुग्वेच्या कॉन्सुलेटवर दगड पडले.

परतीच्या वाटेवरची गोष्ट रुमानियाच्या आयझेनबायसरची. बोटीवर त्याला न्यूमोनिया झाला. जिनोव्हाला उतरल्यावर बाकीचे पुढे गेले, तो तिथेच उपचाराला राहिला. संघ घरी पोचला आणि हा दिसेना, तेव्हा तो वारला अशी आवई उठली. आईनं क्रियाकर्माची तयारी केली. आणि नेमका त्याच सुमारास हा धडधाकट दारात उभा. आई जागेवर बेशुद्ध. पुढे १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो जोडीनं फिगर स्केटिंग करायला उतरला. वैद्यकीय रजेवरून हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. त्याचं इतकं जोरदार सर्टिफिकेट कुणी दिलं नसेल.

सगळ्यांचं असं गोड झालं नाही. १३ जुलैला फ्रान्सचा कप्तान होता विलाप्लान. दुसऱ्या महायुद्धात तो नाझींच्या बाजूनं आपल्याच लोकांवर उठला, आणि डिसेंबर १९४४ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच संघातला लोराँ युद्धकैदी होता. तो ९७ वर्षं जगला. १९९८ साली फ्रान्सनं वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा १९३० च्या त्या संघातला तो एकटाच ते बघायला उरला होता.

आपल्याला १९५० साली ब्राझीलला जायची संधी होती. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण आपल्या संघटनेला तेव्हा ऑलिंपिकच मोठं वाटत होतं, संघनिवडीचे घोळ होते, सरावाला वेळ नव्हता, आणि बोटीचा प्रवास लांबचा. चार बोटं जागेत यातलं काहीच मावत नाही, म्हणून 'अनवाणी' लिहिलं गेलं असावं.

वाचून झालं तेव्हा मामानं कपाटातून बिस्किटाचा जुना डबा काढायला लावला. त्यात स्पर्धांचे बिल्ले, एक फाटका गटफोटो आणि घडीवर विरलेला एक कागद. १९७८ चा. तो एका सूतगिरणीत रिंग खात्यात होता, तिथला रजेचा अर्ज. तीन दिवस. कारण: 'फुटबॉल सामन्यासाठी बेळगावी जाणे आहे'. खाली तांबड्या शाईत 'नामंजूर' आणि कुणाची तरी वळणदार सही.

"मामा, खरं कशाला लिहिलंस? घरगुती कारणास्तव लिहायचं."

"घरगुतीच हुतं की."

तो गेला. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच दिवशी हरले. त्याच रात्रीच्या एसटीनं परत येता आलं असतं, पण फायनल बघून आला. कागद उलटा केला तर मागे पेन्सिलीनं अकरा नावं, त्यांतल्या सातव्या नावाखाली रेघ, तो हा. खाली ०–३. आणि त्याच्याखाली, वेगळ्या पेननं, '३ दिवस बिनपगारी'.

"गोलाला एक दिवस कापला म्हण की," मी म्हटलं.

मामानं कागद माझ्या हातातून काढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोटानं त्या तीनवर टकटक केली.

"ह्यातला शेवटचा ऑफसाइड हुता," तो म्हणाला. "दोनच दिवस कापायला पायजे हुतं."